दोन बोटे कमी पडलेले हूड

स्वतःच्या मालकीची मोटार आमच्या घराण्यात कधी कुणाची झाली नाही. आजोबा कोकणातून बोटीने मुंबईस आले, अण्णा जन्मभर ट्रामने आणि ट्राम बंद झाल्यावर बसने हिंडले, आणि मी बँकेतली छत्तीस वर्षे लोकलच्या दांडीला लोंबकळून काढली. असे असूनही मोटारीने आमच्या खेतवाडीच्या दोन खोल्यांत जेवढी जागा अडवली होती, तेवढी देवघरानेसुद्धा नव्हती. कारण अण्णा मोटारींच्या गाद्या आणि हूड शिवीत असत. ऑपेरा हाउसच्या मागे त्यांचा एक गाळा होता. शिवणयंत्र, मोठी कात्री, दाभण, खडू आणि डबाभर चुका एवढेच त्यांचे भांडवल. 'माझ्या धंद्यात चुका फार लागतात,' हा त्यांचा ठरलेला विनोद होता. १९६३ सालानंतर मात्र तो त्यांनी पुन्हा केल्याचे मला आठवत नाही.

हूड म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. ज्या गाडीचे छप्पर कापडाचे असून ते घडी घालून मागे टाकता येते, तिला अमेरिकेत कन्व्हर्टिबल म्हणतात. आमच्या गल्लीत तिला 'उघड्या टपाची गाडी' म्हणत आणि तिच्या कापडी छपराला हूड. वातानुकूलन घरोघर नव्हते, तेव्हा अशा गाडीचे आकर्षण काय होते हे सांगून कळायचे नाही. मे महिन्याच्या संध्याकाळी मरीन ड्राइव्हवरून अशी एखादी गाडी गेली की कठड्यावर बसलेली माणसे माना वळवून पाहात.

त्या १९६३ च्या एप्रिलमध्ये अण्णांच्या गाळ्यापुढे एक शेव्हरोले येऊन उभी राहिली. (हा उच्चार मी पुढे शिकलो. आमच्याकडे सारे 'शेवरलेट' म्हणत आणि शेवटच्या 'ट'वर जोर देत.) १९५७ ची बेल एअर, मोरपंखी निळी, मागे माशाच्या परासारखे दोन पंख. कुणा परदेशी वकिलातीतल्या साहेबाने मायदेशी जाताना ती विकली होती आणि ती एका शेठजींनी घेतली होती. सहा वर्षे मुंबईच्या उन्हापावसात राहून हूड आकसले होते, शिवणी उसवल्या होत्या. पावसाळ्याच्या आत नवे हूड हवे, असा हुकूम होता.

अण्णांनी ते काम घेतले. ते कसे बिघडले हे पुढे सांगतो. त्याआधी गाडीविषयी सांगायला हवे, कारण ती गाडी काय चीज होती हे मला स्वतःलाच कळले ते साठ वर्षांनी, आणि तेही तिच्या माहेरी गेल्यावर.

माझी मुलगी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहते. जावई मोटारींच्याच धंद्यात आहेत. गेल्या ऑगस्टात मी तिच्याकडे होतो. एका शनिवारी जावई म्हणाले, ''बाबा, आज तुम्हाला जत्रा दाखवतो.'' जत्रा म्हणजे वुडवर्ड ॲव्हेन्यूवरची. डेट्रॉइटच्या नदीकाठापासून उत्तरेस पाँटिॲकपर्यंत जाणारा हा रस्ता मोटारींच्या इतिहासात पंढरीच्या वाटेसारखा आहे. १९०९ साली याच रस्त्याचा एक मैल काँक्रीटचा केला गेला, आणि देशातला तसा पहिला मैल म्हणून त्याचे नाव झाले. पुढे पन्नास-साठच्या दशकांत इथे रात्री तरुण पोरे गाड्यांच्या शर्यती लावीत. १९९५ पासून दर ऑगस्टात एका शनिवारी जुन्या गाड्यांचे मालक आपापली गाडी घेऊन या रस्त्यावर येतात आणि दिवसभर सावकाश फेऱ्या मारतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक घडीच्या खुर्च्या टाकून, खाण्याचे डबे घेऊन बसलेले असतात. दिंड्या जाव्यात तशा गाड्या जातात. फरक एवढाच, की इथे टाळमृदंगाऐवजी इंजिनांचा गडगडाट.

रॉयल ओक गावाजवळ एका दुकानापुढच्या मोकळ्या जागेत पंचवीसतीस गाड्या उभ्या होत्या. त्यांत मला ती दिसली. रंग निळा नव्हता, लाल होता. हूड पांढरे होते. बाकी सगळे तेच. समोर सोनेरी जाळी, बॉनेटवर बंदुकीच्या गोळ्यांसारखी दोन टोके, मागच्या पंखांच्या बगलेला रेघारेघांचा ॲल्युमिनियमचा पट्टा. मी तडक मागे जाऊन डाव्या पंखाच्या क्रोमच्या कडेला हात लावला. पेट्रोल भरायचे तोंड तिथे दडवलेले असते. मुंबईच्या पंपावरचा माणूस ते सापडेना म्हणून गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून आला होता, हे मी अकराव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले होते.

''तुम्हाला ही गाडी माहीत आहे तर!'' गाडीचा मालक म्हणाला. माझ्याच वयाचा, टोपी घातलेला, खुर्चीत बसून कॉफी पिणारा माणूस.

''हिचे हूड मला माहीत आहे,'' मी म्हणालो. त्याला उत्तर विचित्र वाटले असावे, पण त्याने दुसरी खुर्ची पुढे केली.

आता गाडीची जन्मकथा. यातले काही त्या गृहस्थांनी सांगितले, काही जावयांनी, आणि उरलेले मी मुलीच्या गावच्या ग्रंथालयात बसून वाचले.

शेव्हरोले ही १९११ साली निघालेली कंपनी. लुई शेव्हरोले हा स्वित्झर्लंडात जन्मलेला शर्यतीतला मोटारहाक्या आणि विल्यम ड्युरंट हा अमेरिकन व्यापारी, या दोघांनी ती काढली. पुढे ती जनरल मोटर्स या अवाढव्य कुटुंबात गेली आणि त्या घरातली कष्टाळू, स्वस्तातली लेक झाली. थोरली कॅडिलॅक श्रीमंतांची, आणि धाकटी शेव्हरोले मास्तरांची, पोस्टमास्तरांची, शेतकऱ्यांची. १९२९ पासून तिच्यात सहा नळकांड्यांचे एक भरवशाचे इंजिन असे. ते कधी दगा देत नसे आणि कधी कुणाचे काळीजही हलवीत नसे. आपल्याकडच्या थोरल्या जावयासारखे म्हणा ना!

१९५५ साली हे चित्र पालटले. एड कोल नावाच्या मुख्य इंजिनीअरच्या हाताखाली शेव्हरोलेने आठ नळकांड्यांचे एक नवे इंजिन काढले. आठ नळकांडी चार-चार करून इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी मांडलेली, म्हणून व्ही-८. असली इंजिने पूर्वीही होती, पण ती जड आणि महाग. कोल यांच्या माणसांनी ओतकाम पातळ भिंतींचे केले. व्हॉल्व्ह दाबणारे जे हात असतात ते घडवून काढण्याऐवजी पत्र्याचे ठोकून केले आणि प्रत्येक हात एकेका खुंटीवर डोलता ठेवला. परिणाम असा, की आठ नळकांड्यांचे हे इंजिन त्यांच्याच जुन्या सहा नळकांड्यांच्या इंजिनाहून हलके भरले. २६५ घनइंच आकारमान, १६२ अश्वशक्ती. मास्तरांची गाडी एकाएकी धावू लागली! हे इंजिन इतके साधे आणि चिवट निघाले, की त्याची लेकरे-नातवंडे पुढे अर्धशतकाहून अधिक काळ निघत राहिली. २०११ साली त्या वंशातले दहा कोटीवे इंजिन तयार झाले. माझ्या मते बेल एअरचे खरे ऐतिहासिक महत्त्व या लोखंडात आहे, पंखांत नाही. पण लोक पंख पाहतात. अण्णासुद्धा इंजिनाकडे कधी बघत नसत. ते कापड बघत.

पंखांची गोष्टही मौजेची आहे. जनरल मोटर्सच्या सर्व गाड्यांचे रूप ठरवणारा एक दरबारी होता, हार्ली अर्ल. १९२७ पासून १९५८ पर्यंत त्याचाच शब्द चालला. गाडी दर वर्षी थोडी लांब आणि थोडी बुटकी दिसली पाहिजे, हे त्याचे ब्रीद. १९४१ साली डेट्रॉइटजवळच्या लष्करी विमानतळावर त्याने व त्याच्या माणसांनी लॉकहीड पी-३८ हे जोडशेपटीचे लढाऊ विमान पाहिले. ती शेपटी त्यांच्या डोक्यात बसली. युद्ध संपल्यावर १९४८ च्या कॅडिलॅकला मागे दोन छोटे उंचवटे आले. पुढच्या दहा वर्षांत ते उंचवटे वाढत वाढत १९५९ च्या कॅडिलॅकवर इतके उंच झाले, की आज पाहताना हसू येते. १९५७ ची शेव्हरोले या चढणीच्या मध्यावर आहे. तिचे पंख आहेत, पण अजून अंगाबाहेर गेलेले नाहीत. लुगड्याला काठ असावा आणि काठाचेच लुगडे होऊ नये, इतपत.

आणखी एक गंमत. 'बेल एअर' हे लॉस एंजेलिसच्या एका श्रीमंत वस्तीचे नाव. शेव्हरोलेने ते पहिल्यांदा १९५० साली वापरले, आणि वापरले ते पक्क्या छपराच्या गाडीला! ती गाडी अशी घडवली होती, की खिडक्यांमधला खांब नाही, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटावे, ही उघड्या टपाचीच गाडी आहे, फक्त टप वर केलेला आहे. म्हणजे हूड नसलेल्या गाडीलाही हूड असल्याचे सोंग घ्यावेसे वाटत होते, इतका त्या काळी हुडाचा तोरा. खऱ्या हुडाची बेल एअर पुढे १९५३ पासून आली.

१९५७ साली इंजिन २८३ घनइंचांचे झाले. कार्ब्युरेटरऐवजी थेट पेट्रोलचा फवारा मारणारे यंत्रही जादा पैसे देऊन मिळू लागले. त्याने २८३ घनइंचांतून २८३ अश्वशक्ती निघते, म्हणजे घनइंचामागे एक अश्वशक्ती, अशी मोठी जाहिरात झाली, आणि हा पराक्रम जगात पहिला आहे असे आजही लोक छातीठोक सांगतात. तसे ते नाही. आदल्याच वर्षी क्रायस्लरच्या एका गाडीने ३५४ घनइंचांतून ३५५ काढून दाखवले होते. पण जाहिरातीपुढे वस्तुस्थिती कुठे टिकते? शेठजींच्या गाडीत ते यंत्र नव्हते. असते तर ते नीट करणारा मुंबईत शोधावा लागला असता.

उघड्या टपाची बेल एअर त्या वर्षी ४७,५६२ निघाली. सहा नळकांड्यांच्या गाडीची किंमत २,५११ डॉलर. तेव्हाच्या पावणेपाच रुपये दराने बारा हजारांच्या आत. मुंबईत तिला काय पडले असेल हा हिशेब वेगळा.

आता एक आश्चर्याची बाब ऐका. आज जिला लोक अमेरिकन मोटारींची राणी म्हणतात, ती तिच्या स्वतःच्या वर्षी हरली होती. १९५७ साली फोर्डने अंगाखांद्याने अगदी नवी गाडी आणली, प्लिमथनेही आणली. शेव्हरोलेकडे १९५५ चेच अंग तिसऱ्या वर्षी नवे दागिने घालून उभे होते. गिऱ्हाईक फोर्डकडे वळले. मग ही राणी झाली कशी? माझा तर्क असा आहे, की तिला राणी केले ते पहिल्या मालकांनी नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या मालकांनी. साठच्या दशकात या गाड्या जुन्या म्हणून स्वस्तात मिळू लागल्या. कॉलेजातल्या पोरांनी त्या घेतल्या, आणि ते सोपे इंजिन घरच्या अंगणात उघडून, वाढवून, पुन्हा बसवून ती शिकली. ज्या वस्तूला तरुणपणी आपला हात लागला, तिला माणूस म्हातारपणी विसरत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीतला गृहस्थ त्यांतलाच होता. त्याने पहिली बेल एअर १९६८ साली घेतली, लग्नाच्या वेळी विकली, आणि ही दुसरी निवृत्त झाल्यावर घेतली. मधल्या काळात काय चालवले, विचारले, तर म्हणाला, ''मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाड्या.''

मुंबईचा या घराण्याशी जुना संबंध आहे, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो चकित झाला. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला होता. अमेरिकेतून सुटे भाग पेट्यांतून येत आणि शिवडीला त्यांच्या शेव्हरोले होत. अण्णांच्या गाळ्यात सुरुवातीला येणाऱ्या कितीतरी गाड्या तिथल्याच. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले, की नुसती जोडणी नको, गाडी इथेच घडवा. तेव्हा १९५४ साली तो कारखाना मिटला. म्हणून आमची १९५७ ची गाडी शिवडीची नव्हे, बोटीने आलेली. आणि पाहा, ज्या सुमारास अमेरिकेत दर वर्षी पंख बदलत होते, त्याच सुमारास आपल्याकडे ॲम्बॅसडर निघाली. ती अंगकाठी फारशी न बदलता २०१४ पर्यंत चालली. एका देशाला सोसणार नाही इतका बदल, आणि दुसऱ्याला कंटाळा येईल इतकी स्थिरता. क्यूबाने तर दोन्ही एकदम करून दाखवले. क्रांतीनंतर अमेरिकेशी व्यापार तुटला, नव्या गाड्या येईनात, तेव्हा हवानातल्या लोकांनी या पंखवाल्या गाड्यांच्या पोटात रशियन इंजिने घालून त्या चालवल्या.

आता अण्णांचे काम.

हूड शिवणे म्हणजे उशीचा अभ्रा शिवणे नव्हे. कापडाखाली लोखंडी कमानी असतात. बटण दाबले की विजेच्या मोटरीवर एक पंप चालतो, तो दोन बाजूंच्या नळ्यांत तेल लोटतो, आणि कमानी एकामागून एक उभ्या राहून पुढच्या काचेच्या चौकटीवर येऊन बसतात. अण्णांनी जुने हूड उसवले, त्याचे तुकडे खाकी कागदावर ठेवून खडूने फर्मा काढला आणि त्यावरून नवे कापड बेतले. कमानींवर कापडाखाली दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या होत्या, त्या कुजल्या होत्या. त्या फेकून त्यांनी अंदाजाने नव्या केल्या. माझी थोरली बहीण तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती. ते एवढे मोठे कापड यंत्राखालून सरकताना पलीकडून धरून ठेवायचे काम तिचे. आठ दिवस ती गाळ्यात उभी होती.

हूड चढवले तेव्हा ते पुढच्या काचेपासून दोन बोटे कमी पडले.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी आणि पोऱ्याने मिळून ओढून कड्या लावल्या. कड्या लागल्या. ड्रायव्हरने आम्हांला चक्कर मारून आणतो म्हटले. अण्णांनी मला बसवले. ताईला नाही, कारण 'मुलीच्या जातीने उघड्या गाडीतून काय हिंडायचे!' मी चौपाटीवरून मरीन ड्राइव्हने फ्लोरा फाउंटनपर्यंत गेलो आणि परत आलो. ते वर्णन मी करीत नाही. मला ते येणार नाही.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ताणलेली शिवण कानाशी उसवली. शेठजींच्या गाद्या भिजल्या. अण्णांनी पदरचे कापड आणून दुसरे हूड शिवले. त्यासाठी आईची एक पाटली सोनाराकडे गेली. या वेळी त्यांनी कापड पुढून मोठे घेतले. पुढची कड बरोबर बसली, पण मागे झोळ राहिला, त्यात पाणी साचून काचेवरून आत गळू लागले. शेठजींनी गाडी दुसऱ्या कारागिराकडे नेली. त्यांनी शिवीगाळ केली नाही, पैसेही दिले नाहीत. पाटली सुटली ती दोन वर्षांनी. त्या दिवसापासून अण्णांनी हुडाचे काम कधी घेतले नाही, नुसत्या गाद्या शिवल्या. तो खाकी फर्मा मात्र माळ्यावर गुंडाळून ठेवला होता. कधीतरी रात्री काढून ते त्यावर टेप लावून बसत. 'माप तर बरोबर आहे,' म्हणत.

हे सारे मी त्या अमेरिकन गृहस्थाला सांगितले. त्याने कॉफी खाली ठेवली. उठला, आणि आपल्या गाडीच्या हुडाची कड आतून उचलून मला दाखवली.

''तुमच्या वडिलांनी माप जुन्या कापडाचे घेतले?''

''हो.''

''मग माप बरोबरच असणार. जुन्या कापडाचे.'' तो म्हणाला. ''सहा वर्षे उन्हात राहिलेले कापड आकसते. ते उतरवले की आणखी आकसते. मी पहिल्यांदा हेच केले होते. आणि या पट्ट्या पाहा. तुम्हाला वाटते, या नुसत्या मऊपणासाठी आहेत. तसे नाही. कमानी एकमेकींपासून किती अंतरावर उभ्या राहायच्या हे या पट्ट्या ठरवतात. पट्ट्या चुकल्या की मागची कमान खाली बसते. मग कापड कितीही चांगले शिवा, पुढे मिळाले तर मागे झोळ येणार.'' मागच्या कमानीची उंची कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते, आधी ती पक्की करायची, मग पट्ट्या ठोकायच्या, आणि कापडाला हात लावायचा तो सर्वांत शेवटी, असा क्रम त्याने सांगितला. अण्णांजवळ ते पुस्तक नव्हते. शेठजींजवळही नव्हते. मुंबईत कुणाजवळ असेल तर ते आमच्यापर्यंत पोचणारे नव्हते.

मी बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत उभा राहिलो. जावयांना वाटले, मला ऊन लागले.

उघड्या टपाच्या गाड्यांचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला पाच लाखांच्या आसपास असल्या गाड्या खपत. मग उतरण लागली. गाडीत थंड हवेचे यंत्र आले, तेव्हा छप्पर उघडायचे कारणच उरले नाही. हमरस्त्यांवर साठ-सत्तर मैलांच्या वेगाने वारा सुखाचा न राहता थपडा मारू लागला. गाडी उलटली तर आतल्या माणसाचे काय, हा प्रश्न सरकार विचारू लागले, आणि त्याचे कायदे होतील या धास्तीने कंपन्यांनी हात आखडला. १९७६ च्या एप्रिलमध्ये कॅडिलॅकने आपली शेवटची उघडी एल्डोराडो वाजतगाजत बाहेर काढली. ही अमेरिकेतली शेवटची, असा बोभाटा झाल्याने लोकांनी चढ्या भावाने घेऊन घरात झाकून ठेवल्या. सहाच वर्षांनी क्रायस्लरने पुन्हा उघडी गाडी काढली, आणि १९८४ च्या कॅडिलॅकमध्ये खुद्द एल्डोराडोच परत आली. 'शेवटची' म्हणून घेतलेल्यांपैकी काहींनी कोर्टात धाव घेतली! माणसाचा लोभ कुठेही गेले तरी सारखाच.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत गाडीत पट्टे असलेच पाहिजेत असे बंधन आले ते १९६८ पासून. २००९ साली तिथल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने १९५९ ची एक बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू ताशी चाळीस मैलांनी समोरासमोर आपटून पाहिली. जुनी गाडी बंद छपराची आणि वेगळ्या सांगाड्याची होती, तरी घराणे तेच. लोकांना वाटायचे, जुने लोखंड जड, तेच टिकेल. जुन्या गाडीची बैठकच चेंगरली. तिच्या चालकाचा जीव गेला असता. नवीच्या चालकाला पायाला मार लागला असता, इतकेच. त्या गृहस्थाला मी हे विचारले. ''ठाऊक आहे,'' तो म्हणाला. ''म्हणून मी नातवंडांना हिच्यातून फक्त या रस्त्यावर फिरवतो. इथे आज कुणाला पंधरा मैलांच्या वर जाता येत नाही.''

दुपारी त्याने मला गाडीत बसवून फेरी मारून आणली. निघण्यापूर्वी त्याने हूड एकदा वर करून दाखवले. पंप घुर्रर्र वाजला, कमानी उभ्या राहिल्या, पांढरी कड हळूहळू खाली येऊन काचेच्या चौकटीवर टेकली. मी सवयीने तिथे दोन बोटे घालून पाहिली. गेली नाहीत.

त्या रात्री, म्हणजे पुण्याच्या सकाळी, मी ताईला फोन केला. कमानींचे, पट्ट्यांचे, आकसलेल्या कापडाचे सगळे सांगितले. अण्णांच्या हाताची चूक नव्हती, त्यांना मापच चुकीच्या ठिकाणचे मिळाले, असे मी दोनदा सांगितले. ताई पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेली आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले.

''आता सांगतोस होय!'' ती म्हणाली. मग जरा वेळ काहीच नाही. मला वाटले, फोन कटला.

''बसलास का रे आज पुन्हा त्या गाडीत?''

''बसलो.''

''वारा फार लागतो का?''

''नाही गं,'' मी म्हणालो. ''काच असते ना पुढे. केस तेवढे उडतात.''

''मग मला बसवायला काय हरकत होती?'' ताई म्हणाली. ''मी काय, दोन वेण्या घालत होते.''